दोन इंच

लुनेनबर्गच्या चर्चखाली, तळघरात,
मंगळवारी सात वाजता हीटर खोकत सुरू होतो
आणि ईनिड झ्विकर फळ्यावर दोन शब्द लिहिते:
वाइड. ब्रॉड.

समोर तिघंच. आज बर्फ आहे.
रोडेलिओच्या कोटाला माशांच्या कारखान्याचा वास,
ओस्तापच्या बाह्यांवर ओकचा भुसा.
ओस्ताप खार्किवला जिने बांधायचा,
इथे होड्यांच्या फळ्या तासतो,
सेंटिमीटरमध्ये विचार करतो, फुटांत कापतो,
आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी
बारा फुटांची एक अख्खी फळी वाया गेली त्याची.

दार वाइड, ईनिड सांगते. खांदे ब्रॉड.
नदी दोन्ही.
"नदी का दोन्ही?"
ईनिड खडू खाली ठेवते.
सत्तर वर्षं बोलतेय ती ही भाषा,
असं कुणी विचारलंच नव्हतं.
"ओलांडायची असेल तर वाइड,
नुसती बघत बसायचं असेल तर ब्रॉड."
मग जरा थांबून: "बहुधा."

लेतेब्रहान वहीत नीट उतरवून घेते: बहुधा.

झाड टॉल. डोंगर हाय.
"आणि टेबलावर चढलेला माझा धाकटा?" रोडेलिओ विचारतो.
तो टॉल नाही, पण हाय आहे.
शनिवारी रात्री बंदरावर या शब्दाचा अर्थ निराळा,
हे मात्र सगळ्यांना आधीच ठाऊक. हसतात.

मग येतो फार.
(आपला फार नव्हे, त्यांचा. म्हणजे दूर.)
विचारताना फार, नाकारताना फार,
पण साधं हो म्हणायचं तर म्हणावं: लाँग वे.
लेतेब्रहान पेन्सिल टेकवते ओठांना.
"म्हणजे अस्मरा फार नाही, असं म्हणता येतं.
अस्मरा फार आहे, असं नाही म्हणता येत?"
येतं, ईनिड म्हणते, पण कानाला खटकतं.
"खटकू दे," लेतेब्रहान म्हणते.

गुरुवारी ओस्ताप टेप घेऊन ईनिडच्या घरी.
मर्लला शुक्रवारी हॉस्पिटलातून सोडणार,
खुर्ची एकोणतीस इंच, न्हाणीचं दार अठ्ठावीस.
पलंग खाली आणायचाय, ती म्हणते,
पण खाली रूम नाही.
ओस्ताप दारं मोजतो. बोटांवर.
"पाच रूम."
ती हसते, पहिल्यांदाच या आठवड्यात,
आणि जिन्याच्या पायरीवर बसूनच शिकवणी सुरू:
पुढे एवढासा 'अ' लागला की चार भिंती,
नाही लागला की नुसती ऐस, हातपाय पसरण्याइतकी.
एका अक्षरावर?
एका अक्षरावर.

मी लिहितोय त्या भाषेत
खोलीत माणसं राहतात, आणि विहिरीलाही खोली असते.
हे तिला सांगायला हवं होतं कुणीतरी.
ती म्हणाली असती, मग तुम्ही कशाची मोजता?

ओस्तापने चौकटीची पट्टी उपटली,
बिजागऱ्या बाहेर सरकवल्या,
पटाशीने जुना रंग खरवडला: हिरवा, त्याखाली पिवळा,
त्याखाली कुणाच्या तरी मुलाची उंची, पेन्सिलीने,
तारखेशिवाय.
ती रेघ त्याने तासली नाही.
दुसऱ्या बाजूने घेतला उरलेला पाव इंच.

शुक्रवारी मर्ल आला.
खांदे अजून ब्रॉड, शर्टात जरा कमी भरलेले.
ईनिडने ढकललं, ओस्तापने समोरून धरलं,
दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच.
डाव्या हाताची बोटं चौकटीला घासली तरी
मर्ल काही बोलला नाही. आत गेल्यावर म्हणाला,
"टाइट."

ओस्तापने खिशातून चिठ्ठी काढली.
हा शब्द फळ्यावर आला नव्हता.