पारसिकाला जाऊन आलेली

गच्चीवर बाबांनी पुन्हा ॲल्युमिनियमच्या नळ्या मांडल्यात,
तळवलीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या, किलोच्या भावानं.
वय एकाहत्तर. डाव्या गुडघ्याला पट्टा.
सोसायटीचे सेक्रेटरी येऊन विचारून गेले,
मढवी, हे काय, कपडे वाळवायला?

बाबा म्हणाले, हो.

घणसोलीपासून दिवा गावापर्यंत
कुठल्या कौलावर कुठला अँटेना, त्यांना तोंडपाठ होतं.
वही होती. अजून आहे. खाऱ्या हवेनं पानं फुगलेली:
परशा म्हात्रे, शेवग्याच्या आडून, बांबू वाढवणे.
धाकट्या पाड्यावरचे भोईर, चार बोटं पश्चिमेला.
चांगुणाबाई, पैसे नाहीत. निवट्या दिल्या.

मी खाली टीव्हीसमोर, मान खिडकीबाहेर.
वरून हाक:
आयलं क गो?
आयलं!
आता?
गेलं!
माझं निम्मं लहानपण या दोन क्रियापदांत संपलं.

आणि आलं तरी एकटं यायचं नाही.
बातम्या देणाऱ्या बाईच्या उजव्या खांद्यापलीकडे
तीच बाई, फिकट,
तेच ओठ हलवत.
शेजारीपाजारी भूत म्हणायचे.
आई म्हणायची, बिचारीला बसायला खुर्ची नाही दिली.
बाबा पक्कड खिशात घालत सांगायचे,
ही वरळीच्या मनोऱ्यावरून निघाली,
चेंबूर, मानखुर्द, खाडी, की थेट आपल्या दारात.
ती आपल्याला न बघता पुढे गेली,
पारसिकाला थडकली, मग मागे फिरली.
उशीर होणारच.

मग केबल आली. मग छत्र्या.
बांबू गणपतीच्या मांडवाला गेले,
दांड्या मिरचीच्या वाफ्याला.
कौलं गेली, आम्ही चौथ्या मजल्यावर आलो.
आई नाही आली.

यंदा निकेशनं एक डबी आणली.
आजोबा, हवेतलंच आहे, पण डिजिटल.
छत्री नको, केबल नको, महिन्याचे पैसे नकोत.
बाबांनी डबी कानाशी धरून हलवून बघितली.

तीन संध्याकाळ नळी वरळीकडे.
मधे बावीस मजल्यांचा टॉवर, नवा,
त्याच्या काचांत मावळतीचं सगळं ऊन.
पडद्यावर एकच ओळ: सिग्नल नाही.
मुंग्या नाहीत. खरखर नाही. भूतसुद्धा नाही.
बाबा चिडले.
अरे, अर्धवट दिसलं तर कळतं कुठं वळायचं.
हे असं काय, सगळं नाहीतर काहीच नाही?
चौथ्या दिवशी त्यांनी तिरीमिरीत
अँटेना अख्खा उलटा फिरवला,
वरळीकडे पाठ, पारसिकाकडे तोंड.

मी खाली चहा गाळत होते.
आयलं!
स्वतःचाच आवाज मला ओळखू आला नाही.

बहात्तर टक्के. एकच बाई. खांद्याशी कुणी नाही.
निकेश म्हणाला, यात प्रत्येक शब्दानंतर
थोडी जागा मोकळी सोडतात,
मागून येणारे तिच्यात मावतात.
ते वेगळे दिसत नाहीत मग, यातच जमा होतात.

किती थांबतात? बाबांनी विचारलं.

अगदी थोडं. पण आपल्या डोंगराच्या फेरीला पुरतं.

बाबा काही बोलले नाहीत.
खतांवरचा कार्यक्रम होता, तो शेवटपर्यंत बघितला,
भाताला युरिया कधी, किती.
घरात वाफासुद्धा नाही.
रात्री वही काढून शेवटच्या पानावर लिहिलं:
हसुराम मढवी, चौथा मजला. पारसिकाकडून.
पैशांच्या रकान्यात एक रेघ.

सकाळी सेक्रेटरी पुन्हा वर आले.
नळ्यांवर माझा गाऊन वाळत होता,
दोन टॉवेल, आणि बाबांचा गुडघ्याचा पट्टा.
खाली सिग्नल त्र्याहत्तर.