ब्रेक थंड होईपर्यंत

सकाळचे सहा चाळीस.
मी टेहळणीच्या खिडकीशी, हातात कोकाचा चहा,
तेवढ्यात आवाज आला,
कुणी पत्र्याच्या पिंपावर एकदाच, मन लावून
काठी हाणावी तसा.
उजव्या इंजिनातून हातभर नारिंगी जीभ निघाली
आणि परत आत गेली.

चहा तिथेच राहिला.

आमच्या एल आल्तोची हवा म्हणजे
चौथ्यांदा पाणी घातलेलं ताक.
विमानाला ती पुरत नाही
म्हणून धावपट्टी चार किलोमीटर,
आणि तरी प्रत्येक उड्डाण पै-पैचा हिशेब करून.
वैमानिकांचा एक आकडा असतो.
त्या वेगाच्या अलीकडे थांबता येतं.
ओलांडला की मग जळो, तुटो,
वर जायचंच.
आकडा पुकारला की कप्तान
थ्रॉटलवरचा हात काढून घेतो.
मोह नको.
हे मला इंधनवाल्या रेमेदियोसने सांगितलं,
तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

त्या सकाळी हात अजून तिथेच होता.

विमान थांबलं तेव्हा पुढे उरली होती
आमच्या गल्लीएवढी पट्टी,
मग कुंपण,
आणि कुंपणापलीकडे बटाटे घेऊन बसलेल्या बायका.
त्यांनी माना वर केल्या.
मग परत बटाटे रचू लागल्या.

आम्ही पोचलो तर चाकं लाल.
आता बंबवाल्याच्या कामातलं सगळ्यात अवघड:
पाणी मारायचं नाही.
तापल्या ब्रेकवर पाणी पडलं तर चाक फुटतं
आणि बाजूला उभा असलेला माणूस जातो.
समोरच्या अंगाला, लांब उभं राहायचं,
पाइप भरलेला, तोटी बंद,
आणि बघायचं.
वीस वर्षं मी पगार घेतो तो बहुतेक याचाच.
एकेक टायर आपसूक बसला,
ओझं जास्त झालं की लामा बसतो ना,
गुडघे मोडून, तोंड फिरवून,
तसा.

माणसं शिडीवरून उतरली.
आधी मोठमोठ्याने हसली, मग गप्प झाली.
टायवाला एकजण विचारत होता,
दुपारच्या बैठकीचं काय?

दोन्या सातुर्निना चोकेवांका
आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या गाठोड्यावर बसली.
बुएनोस आइरेसला मुलाकडे निघाली होती, कायमची.
म्हणाली, "किल्ली शेजारणीला दिली.
कोंबड्या वाटून टाकल्या.
नवऱ्याच्या थडग्यापाशी जाऊन सांगून आले,
आता येणं व्हायचं नाही.
काल रात्री सगळे रडले, पोटभर.
आता घरी जाऊन काय सांगू?
पुन्हा रडा?"

मला काही सुचेना.
म्हटलं, बाई, उद्या दुसरं विमान येईल.
"विमान येईल," ती म्हणाली.
मग चाकांकडे बघून, "अजून गरम आहे?"
"आहे."
"किती वेळ?"
"तासभर तरी. हात लावायचा नाही."

तिने गाठोडं सोडलं.
मुलासाठी उकडलेले चुन्यो,
आमचे थंडीत तुडवून वाळवलेले काळे बटाटे,
आणि चीज.
मला दोन दिले. मातकट, अजून कोमट.
हातमोजा काढून खाल्ले.
कप्तान सगळ्यांच्या शेवटी उतरला, उजवा हात खिशात.
त्यालाही दिला.
त्याने डाव्या हाताने घेतला
आणि बराच वेळ तसाच धरून उभा राहिला.

अहवालात रकाना असतो: वापरलेलं पाणी.
मी शून्य लिहिलं.

दोन्या सातुर्निना तिसऱ्या दिवशी गेली.
पोचवायला कुणी आलं नव्हतं.
निरोप एकदा देऊन झाला होता,
आणि कामाचा दिवस होता.
मी पट्टीच्या कडेला बंबाजवळ होतो,
धरलं तर तेवढा एक.
विमान सुटलं. मी आकडे मोजले नाहीत.
मला ते येतही नाहीत.
फक्त चाकं उचलेपर्यंत
तोटीवरची मूठ काही सोडवेना.