ऑक्स तीन

सदलग्याची जत्रा. देवळामागं
पोत्यांच्या चवडीवर सोळा चॅनेलचा मिक्सर,
धूळ बसू नये म्हणून अर्धा टॉवेलखाली.
आधी कन्नड भजनी मंडळ, नंतर आपलं,
मधे हरवलेल्या पोरांची नावं, दोन्ही भाषांत.

गुरुपादण्णा म्हणायचा,
वाढवायला काय, कुणीबी वाढवतंय.
काप.
टाळ ऐकू येईना? टाळाला हात लावू नको,
पेटी जराशी खाली घे,
टाळ आपसूक वर येतंय, सायीसारखं.
गळा घागरीतनं आल्यागत वाटला
तर अडीचशेच्या आसपास बोट फिरव,
घागर कुठं हाय ते सापडंल.
सापडली की काढून टाक.
निपाणीत, तंबाखूच्या वखारीत, शिंका देत
ह्याच मिक्सरवर शिकवलं त्यानं.

ऑक्स एक रत्नव्वाच्या पायाशी,
तिला तिचाच आवाज हवा, आणि चिमूटभर पेटी.
ऑक्स दोन मृदंगवाल्याला,
त्याला स्वतः सोडून सगळे.
मांडवातल्या माणसांना ह्यातलं काही माहीत नसतं.
ऑक्स तीन रिकामाच असतो.

आज गुरुपादण्णा आलाय नातवाच्या गाडीवर बसून.
तीन हजाराच्या वरचं सगळं गेलंय त्याचं.
चिकोडीच्या डॉक्टरनं कानांचा आलेख काढून दिला,
उजवीकडं दरड कोसळल्यासारखी रेघ.
बराच वेळ बघून म्हणाला होता,
"एवढं कोण कापलंय रे?"

मी ऑक्स तीनला हेडफोन जोडला.
वाटेत जुना ग्राफिक, एकतीस दांड्यांचा.
उजव्या टोकाच्या नऊ दांड्या पार वर नेल्या.
प्री-फेडर ठेवला,
म्हणजे मांडवाचा आवाज खाली ओढला तरी
त्याच्या कानात गाणं चालूच.
टोपी काढून त्याच्या डोक्यावर चढवला.

"केळतैति?"
उत्तर नाही. मान आधी रत्नव्वाकडं,
मग मागच्या रांगेतल्या एका टाळकऱ्याकडं.
"ते पोरगं मागं पडालंय."
सात वर्षांनी कुणाची तरी चूक
ऐकू आली त्याला.

मग ओठ आवळले.
"तू वाढवलायस."
होय.
"मी काय शिकवलो होतो?"

काय सांगू.
जे कानातच उरलं नाही
त्याला जागा करून देऊ ती कुणाला कापून?
पण हात गेला.
नऊच्या नऊ दांड्या मधल्या रेघेवर आणल्या
आणि डावीकडून सुरुवात केली,
साठ, शंभर, मृदंगाचं पोट,
पेटीची घरघर, कोरसमधल्या बाप्यांचा खर्ज,
अडीचशेची ती घागर,
एकेक खाली, आणखी खाली.
शेवटी ऑक्सचं मोठं बटण सावकाश फिरवत गेलो,
त्यानं हात वर करेपर्यंत.
"साकु."

टाळ तिथंच होते, मघाच्याच उंचीवर.
त्याचा चेहरा मात्र सैलावला.

रत्नव्वाचा गजर संपला.
मी फेडर खाली ओढले. मांडव गप्प झाला,
मग भांड्यांचे, चपलांचे, चहावाल्याचे आवाज.
स्टेजवर ते पोरगं
टाळ फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवत होतं,
त्याच्यासमोरचा माईक चालू राहिलेला.
हेडफोन काढायला मी वाकलो
तर गुरुपादण्णानं माझं मनगट धरलं,
डोळे मिटलेले,
थांब म्हणाला.