सतरा किल्ल्या

सेत्तिमिओकडे व्हिलाच्या सतरा किल्ल्या,
त्यातल्या चारांची कुलुपंच उरली नाहीत.
तरी सगळ्या वागवतो कमरेला.

दिवाणखान्यात आम्ही माना मोडेस्तोवर
छतावरचे देवदूत बघतो.
तो बघतो फरशीकडे.
त्याची आई, देल्फीना, इथे लादी पुसायची.
मान वर करायची मुभा नव्हती.
देवदूत तिला ओल्या फरशीत दिसायचे, उलटे;
फडकं फिरलं की थरथरायचे,
लादी वाळली की नसायचे.

"डावीकडच्याला सहा बोटं आहेत," तो म्हणतो,
"तिनंच मोजली."
आम्ही मोजतो.
सहाच.

ऑलिव्हच्या उतारापलीकडे त्याचं दगडी गाव:
अकरा माणसं, एक घंटा, तीही तडकलेली.
पाचाला तो दार ओढून घेतो.
किल्ल्या खुळखुळतात, आणि तिकडे वेशीवरचं कुत्रं
उठून बसतं.