आठ दिवस, मोकळे

बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत,
अत्तराच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
मी माणसांना परदेशी पाठवते.
परदेशातूनच.

इसाक परकार आले तेव्हा दुपारची बांग होऊन गेलेली,
बॉस जेवायला, एसी बादलीत टिपकत.
दाभोळचे. एकतीस वर्षं टगबोटीवर.
निरोपाला घड्याळ देतात, तसं कंपनीनं
एक पाकीट दिलेलं. सात रात्री, आठ दिवस,
देवळं, शहरं, तळ्यातली गावं.
"दाखव तरी बाय, काय काय हाय त्यात."

मी ब्रोशर उघडलं, बोट ठेवलं.
माझं हे बोट दिवसातून चारदा
बँकॉकला उतरतं.
हा आडवा झालेला सोन्याचा बुद्ध, म्हटलं,
तळव्यांवर शिंपल्यांची नक्षी.
शिंपले ऐकून ते पुढे वाकले.
इथल्या समुद्रात श्वास कोंडून उतरणारे
शेवटचे दोघेतिघे त्यांनी मुहर्रकच्या चहाच्या टपरीवर पाहिलेले,
पाण्याच्या दाबानं ठार बहिरे.
"तळव्याला लावलेत? बरं केलं.
गळ्यात घालून कुणाचं भलं झालं नाय."

तिसऱ्या दिवशी इन्ले. पाण्यावर टोमॅटोचे मळे,
आणि पायानं वल्हवणारे कोळी.
एका पायावर उभं राहायचं, दुसरा वल्ह्याभोवती
गुंडाळायचा, मी वाचून दाखवलं.
"गुंडाळायचा नाय."
उठले, चप्पल काढली,
कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा घेतला,
पिंढरी त्याला नुसती टेकवली
आणि कमरेतून असं काही रेटलं
की क्षणभर मी टेबलाची कड धरली.

मग अंगकोर. पहाटे साडेचारला उठायचं.
पुढ्यातल्या तळ्यात कळस उलटे दिसतात.
ही चेहऱ्यांची देवळं, चारी दिशांना हसणारी,
कशाला हसतात ते सांगत नाहीत.
आणि हे झाड. याच्या मुळांनी भिंत फोडली,
आता तीच मुळं भिंत धरून आहेत.
"आमची भावकी," परकार म्हणाले.

शेवटी तळं. घरं तराफ्यांवर.
शाळा, दुकान, डुकरांचा खुराडाही तरंगता.
पावसाळ्यात तिथली नदी उलटी वाहते,
तळं फुगतं, आणि गाव उठून दुसरीकडे जातं.

बराच वेळ बोलले नाहीत.
"उलटी? भरतीनं?"
भरतीनं नाही, मोठी नदी मागे रेटते.
"मग बोट कुठल्या तोंडानं बांधतात?"
ब्रोशरमध्ये नव्हतं.
"आन् पत्र आलं तर?"
तेही नव्हतं.

खिडकीतून बाब दिसत होतं, दोन समुद्रांचं दार.
जुनी माणसं सांगतात, गलबतं इथं उंबऱ्याला लागायची.
आता उंबऱ्यापुढे टॅक्स्या, बँका, त्यापुढे आणखी रस्ते.
भराव टाकून टाकून समुद्र लांब नेऊन ठेवलाय.
त्यातले काही बार्ज परकारांनीच ओढलेले.
ते तिकडेच बघत होते.

"आठही दिवस तिथंच टाक."
आणि देवळं?
"दगडाची हायत ना? थांबतील."

सिस्टीममध्ये तसं काही बसेना.
त्या गावाला हॉटेल नाही,
आणि रकाना रिकामा सोडला की लाल होतो.
शेवटी एकच शब्द चालला.
दिवस पहिला, मोकळा.
दिवस दुसरा, मोकळा.
आठव्यापर्यंत टाईप करताना
माझी बोटं उगाच सावकाश चालली.

प्रिंट घडी घालून खिशात ठेवताना म्हणाले,
"तू कितींदा गेलीस तिकडं?"
मी जतची. टँकरच्या मागं कळशी घेऊन वाढलेली.
दोन वर्षांनी तीस दिवस सुट्टी मिळते,
तीसातला एकही असा नसतो.
अजून नाही, एवढंच म्हटलं.

बॉस आला, स्क्रीन बघून खेकसला,
आठ दिवस हा माणूस करणार काय?
बोट कशी बांधतात ते बघणार आहे, म्हटलं.

दांडा अजून टेबलाला टेकलेला.
फरशीवर ओलं अर्धवर्तुळ,
कडेकडेनं वाळत चाललेलं.