मंगळवार

दोडका सोलताना शिरा फेकायच्या नसतात,
एवढं एकच मला स्वयंपाकातलं ठाऊक होतं
रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा.
बाकीचं सुरी शिकवत गेली,
बोट कापून, पुन्हा कापून.

सुलक्षणा सव्वाआठला निघते.
तिच्याकडे वाशीची बँक, माझ्याकडे ऐरोलीचा ओटा,
तळमजला, खिडकीत खाडीचा खारट वारा
आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या,
ज्या आपल्याच समजून
मी दोनदा कच्चा भात उतरवलाय.

त्या दिवशी घरात होतं ते असं:
कालच्या तीन भाकऱ्या, पापडासारख्या ताठ,
वाटीभर ताक, आंबटाच्याही पुढे गेलेलं,
दोडक्याच्या शिरा,
आणि बरणीच्या तळाशी सासूबाईंची लसणाची चटणी,
इतकीशी, की चमचा फिरवला तर काचच वाजायची.
बाजारात जायचा कंटाळा आला होता.
पुष्कळसे शोध कंटाळ्यातूनच लागले असतील,
कोणी कबूल करत नाही.

भाकऱ्या कुस्करून ताकात भिजवल्या.
तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता.
शिरा टाकल्या, त्या आधी रुसून आकसल्या,
मग कडेने कुरकुरीत बोलायला लागल्या.
बरणीत घोटभर गरम पाणी घालून खळखळवली
आणि ते लालसर पाणीही ओतलं वरून.
ओतल्यावर आठवलं,
विचारायला हवं होतं.
होळीनंतर सासूबाई गेल्या. ही शेवटची बरणी होती.

तेवढ्यात बेल वाजली.
पाइपच्या गॅसचा मीटर वाचायला एक पोरगा.
ओट्याखाली वाकला, आकडे लिहिले, पुन्हा तपासले,
बाहेर जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाला,
"काका, काय शिजतंय?"
मला सांगता येईना.
तो गेला आणि वास बदलला.
धावलो. झाकण काढलं.
खाली पातेल्याला धरली होती
सोनेरी, जाड, खरपूस खरवड.

रात्री सुलक्षणाने एक घास घेतला आणि थांबली.
"आईची चटणी संपली?"
"संपली."
मी आमटीकडे बघत राहिलो.
तिने पातेलं स्वतःकडे ओढलं,
उलथन्याने खरवड काढली, करकर करकर,
मला अर्धी दिली, मोठा तुकडा स्वतः घेतला.
मग विचारलं, "नाव काय याचं?"
भिंतीवर कॅलेंडर होतं.
"मंगळवार," मी म्हटलं.

पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी चपला काढता काढता
ती म्हणाली, "आज मंगळवार कर ना."
आणि स्टुलावर बसून सांगत राहिली,
खोबरं शेवटी भाजायचं, लसूण सोलायचाच नाही,
आई मीठ हाताने घालायची, तिचा हात लहान होता,
तुझ्या हाताचं अर्धं धर.

वाटीभर मढवींकडेही गेलं.
त्यांची वाटी आली तीन दिवसांनी,
दमयंतीवहिनी दारातूनच हसत,
"भावजी, आम्ही जवला टाकला. म्हणून बुधवारी केला."
खाऊन बघितलं.
त्यांचा बुधवार
आमच्या मंगळवारापेक्षा बरा झाला होता.
हे सुलक्षणाला अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र जमत नाही.
खरवड तशी येत नाही, समोर उभं राहून पाहिलं की.
कधी पांढरी राहते, कधी कोळसा होतो.
मीटरवाला दोन महिन्यांनी येतो.
तोवर मी गॅस बारीक करतो,
झाकणावर पाणी ठेवतो,
आणि दार उघडून उगाच बाहेर उभा राहतो,
एक मीटर वाचायला लागतो तेवढा वेळ,
आकडे पुन्हा तपासायचे धरून.