दोन नंबर मोठे

इसाफ्योर्दुरला डोंगर नोव्हेंबरात सूर्य गिळतो,
जानेवारी सरताना परत करतो.
त्या दिवशी घरोघरी गोड धिरडी, कॉफी.

तीन वर्षं मी तवा तापवला नाही.
एकटीसाठी कोण करतं.

थोर्दिस निघालीच होती. तिचे बूट ओलेगच्च.
इंगुनचे घाल, म्हटलं. माझ्या बायकोचे.
दोन नंबर मोठे. आतून एक काळा खडा निघाला,
कुठल्या किनाऱ्याचा, आता कोण सांगणार.

तिनं फेकला नाही.
खिडकीत ठेवला
आणि पीठ कुठंय विचारलं.

पहिलं धिरडं चिकटलं, फाटलं.
दोघींनी उभ्यानंच खाल्लं, तव्यातून.

ऊन आलं. बारा मिनिटं, फार तर.
तिच्या कानामागे पीठ दिसलं.
पुसायला हात पुढे केला,
तो मागे घ्यायचा राहून गेला.